राखणीला आलेले आण्णा

शाळेत तास चालू असताना फोन थरथरला. त्या वेळी घरून कधी फोन येत नसे, म्हणून वर्गाबाहेर जाऊन घेतला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लगेच ये. आण्णा उठंनात." कराडहून गावी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चहा पिऊन जरा आडवे झाले, ते झालेच... याला आता दीड महिना होईल. त्यांना तसं निजलेलं पाहून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हा माणूस डोळे मिटून पडलाय, पण सगळं ऐकतोय!

आण्णा माझे सासरे. फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि ऊस बघायला लागले, पण अंगातला पहारा सुटला नाही. मीटर बघायला आलेल्याला ओळखपत्र मागायचे. चुकून कुणाचा फोन लागला तर, "तुला माजा नंबर कुनी दिला?" अशी उलटतपासणी घ्यायचे. डॉक्टरांनी गोळी बदलली तर जुनीत काय खोट होती ते आधी विचारायचे. माझा नवरा संदीप अपघातात गेला आणि हा पहारा माझ्याकडे वळला. निदान मला तसं वाटायचं. शाळेतून यायला उशीर झाला की आण्णा फाट्यावर हातात निमित्ताची पिशवी घेऊन उभे असत. बोलत काहीच नसत. त्या न बोलण्याचाच मला जास्त राग यायचा.

संदीपला अंतराळपटांच्या एका मालिकेचं भारी वेड होतं. लग्न झाल्यावर त्यानं मला समोर बसवून एकेक भाग दाखवला होता. तो गेल्यानंतर तीच मालिका नवे नट घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि तिचा पहिला सिनेमा कराडला हिंदीतून लागला. त्याच्या लाडक्या कप्तानाच्या जागी कुणी भलताच पोरगा उभा असणार, हे मला पटत नव्हतं. तरी एका रविवारी निघाले. बघते तर आण्णा बूट चढवून ओसरीवर तयार.

"मीबी येतो."

"आण्णा, परग्रहावरचा सिनेमा आहे. तुम्हाला काय कळणार?"

"तुला कळतंय न्हवं? मग सांग की."

मी ओळखलं. चुलत सासरे तात्या आदल्याच आठवड्यात येऊन गेले होते. "सुट्टीदिवशी पोरगी एकटी कराडला कशाला जाती? ध्यान ठेव," हे त्यांचं बोलणं मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

सिनेमा सुरू झाला तरी आण्णांचं लक्ष पडद्यापेक्षा माझ्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर. ती रिकामीच राहिली. मग यान उडालं आणि ते पुटपुटले, "ह्यो कप्तान? आजून मिसरूड फुटलं न्हाई." थोड्या वेळानं एक गोड बोलणारा अधिकारी आला. "ह्यो दगा देनार." "कशावरून?" "लय गोड बोलतोय." मध्यंतरानंतर त्यानं खरंच दगा दिला, तेव्हा आण्णांनी माझ्या हातावर अशी थाप मारली की मागची माणसं हसली. पुढं एका ग्रहावर एक जवान मागं राहिला आणि कप्तानानं हुकूम मोडून यान माघारी वळवलं. आण्णा खुर्चीतून अर्धे उठले होते. मला शंका आली, माझ्यासाठी नाटक तर करत नाहीत? पण त्यांना माझी आठवणच नव्हती. तेव्हा मीही त्या नव्या पोराच्या चेहऱ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

परतताना एसटीत मी विचारलंच, "तात्यांनी पाठवलं होतं ना तुम्हाला?"

आण्णा म्हणाले, "व्हय. राखनीलाच आलतो. खोटं कशाला बोलू, माज्याबी मनात आलंवतं." मग म्हणाले, "फुडच्या येळंला मातर पिच्चरलाच येनार." आणि खिडकीबाहेर बघत, "संदीपला आवडला असता का गं?"

तो गेल्यापासून आम्हा दोघांत त्याचं नाव कधी निघालं नव्हतं... मी म्हटलं, "आधी नावं ठेवली असती. मग पुन्हा जाऊन बघितला असता."

आण्णा हसले. त्यानंतर कधी ते फाट्यावर उभे दिसले नाहीत. आठवड्यानं डोळे दाखवायला म्हणून सांगलीला गेले, ते परतले तेव्हा यानाच्या इंजिनाबद्दल मलाही न सुचलेल्या शंका काढायला लागले. "खरं सांगा, डोळे दाखवले का?" म्हटल्यावर कानापर्यंत लाल झाले. "डोळ्यास्नी पिच्चर दावला," म्हणाले.

आता संध्याकाळी डेअरीत दूध घालायला आण्णांऐवजी मी जाते. पहिल्या दिवशी मला बघून डेअरीच्या कट्ट्यावरचे सगळे गप्प झाले. त्यांत तात्याही होते. मला वाटलं, चाललं असेल माझ्याबद्दलच काहीतरी. माप होऊन मी वळले, तशी तात्यांनी हाक मारली.

"सूनबाई, आण्णा रोज थोडं थोडं सांगायचा बग त्या पिच्चरचं. लय रंगवून सांगायचा. आर्ध्यातच ऱ्हायलं. फुडं काय झालं?"

मी त्यांच्या तोंडाकडं निरखून बघितलं. थट्टा नव्हती. कट्ट्यावर मधोमध एका माणसापुरती जागा मोकळी होती. तिथं कुणी बसलं नव्हतं. मी किटली खाली ठेवली आणि विचारलं, "कुठपर्यंत आलं होतं?"