संत्र्याच्या बगिच्यातले मामाजी

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ‘म्हणजे काय?’ विचारलं की ते नुसतं तोंडाने सांगायचेच नाहीत. आधी हातात काहीतरी ठेवायचे! लग्न होऊन मी नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावरून थेट रामाकोना गावच्या वावरात, म्हणजे शेतात, आले. पहिल्याच आठवड्यात विचारलं, “मामाजी, वाफसा म्हणजे काय?” त्यांनी माझ्या मुठीत माती दाबून लाडू करायला लावला. “सोड खाली.” लाडू पडला नि भुरभुर फुटला. “हा वाफसा. फुटला नसता तं माती ओली, लाडूच वळला नसता तं कोरडी. आता वखर घाल, जमीन नाही म्हनत नाही.”

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. तो समजवायला त्यांनी मला चक्क त्याच्यावर बसवलं, हातात भाकर-ठेचा दिला. पलीकडच्या वावरातल्या दामूभाऊंनी कांदा दिला. मामाजी म्हणाले, “इथं बसून दोघं जेवते, तवरक धुरा सरळ हाय.” दामूभाऊ लगेच, “सूनबाई, कांदा दर वेळी माहाच असते, हे नाही सांगत तुहा सासरा!”

पण खरी परीक्षा ताणाची. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, हिवाळ्यात संत्र्याचं पाणी बंद करतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाडं तहानतात, नि मग पाणी मिळालं की फुलतात. ताण लवकर तोडला तर नुसती पालवी, उशीर झाला तर फांद्या वाळतात. वर्षाचं सगळं त्या एका पाण्यावर! आणि नेमकं त्याच वेळी मामाजींच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. माझा नवरा त्यांच्यासोबत नागपूरच्या दवाखान्यात. इकडे आत्याबाई, म्हणजे सासूबाई, मी नि मान टाकलेली झाडं.

दामूभाऊ धुऱ्यावरून ओरडले, “अवं, झाडं मारून राहिली का? चालू कर मोटर!” मी घाबरून फोन लावला.

“मामाजी, पानं मलूल झाली. काही तर गळून राहिली.”

“कव्हा पाहिलं?”

“आत्ता, दुपारी.”

“दुपारचं नको पाहू. दुपारी सारेच थकते. सकाळचं पाय.”

“पण पाणी कधी देऊ ते सांगा ना!”

“मी इथं पलंगावर हावो. झाडं तुह्यासमोर हाय. तूच ठरव.” आणि फोन ठेवला! मला इतका राग आला ना!

रोज उजाडता उजाडता बगिच्यात जाऊ लागले. पानं दुपारी मलूल व्हायची, सकाळी परत उठून उभी. दामूभाऊंनी बोलणंच सोडलं. मग एका सकाळी पाहिलं, पानं उठलीच नाहीत. मोटर चालू केली. अगदी हलकं पाणी, आंबवणी. पोटभर नाही, कारण मामाजींचं म्हणणं, “उपाशी मानसाले पहिले पेज द्या लागते, पुरनपोळी नाही.”

मामाजी घरी आले तेव्हा फुलं उमलली होती. त्यांना वावरात जायची मनाई, म्हणून मी आनंदात फुलांनी भरलेली एक फांदीच तोडून त्यांच्या हातात दिली. ते संतापले! “फांदी तोडली? अवं, टोपलंभर संत्री खाल्ली तू माही!” मग कितीतरी वेळ ती फांदी नाकाशी धरून बसले. आत्याबाई म्हणाल्या, “आता रागवा ना, वास काहून घेऊन राहिले?”

त्या बहाराची संत्री वाटाण्याएवढी होती तेव्हा मामाजी गेले. मी त्यांचे आभारही मानले नव्हते. आपल्या माणसाला कोण थँक्यू म्हणतं? पण त्या दिवशी त्यांनी फोन ठेवला, त्याच्याबद्दल रोज म्हणावंसं वाटतं.

यंदाही ताण चालू आहे. काल सकाळीच दामूभाऊ धुऱ्यावर आले, जरा घुटमळले.

“सूनबाई, माह्या झाडाले पाणी कव्हा देऊ वं?”

मी त्यांच्या बगिच्यात जाऊन पानं पाहिली. म्हटलं, “थांबा अजून. मी आवाज देईन.”

आणि ते थांबले!