गुळाचा खडा

परतूरच्या एका जिनिंगमध्ये मी दोन हंगाम कापूस निवडायला जात होते. तिथल्या वजनकाट्यावर जे मुनीमजी होते, त्यांच्याइतका भला माणूस त्या आवारात दुसरा नव्हता. सुट्टी झाली की ते पितळी डबा घेऊन दारात उभे राहायचे आणि प्रत्येक बाईच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचे. गूळ त्यांच्या घरचा. "घ्या बाई, गुळानं घसा बिलकुल साफ होतो," हे ते प्रत्येकीला नव्यानं सांगायचे आणि मधेमधे स्वतःच खोकायचे.

शेडमध्ये कापसाची धूळ एवढी, की समोरची बाई धड दिसायची नाही. "मुनीमजी, धूळ ओढायच्या पंख्याचं शेठला सांगा की," असं मी म्हटलं की ते हसायचे. "सांगतो ना. जल्दी काय हाय? आधी गूळ तर खा."

एका संध्याकाळी सरकारी साहेब तपासणीला आले. मुनीमजी अभिमानानं म्हणाले, "साहेब, आमच्या बायांना काही तरास न्हाई. मी रोज गूळ देऊन राह्यलो."

साहेबांनी मलाच विचारलं, "बाई, खोकला येतो का?"

चार दिवसांपासून माझी छाती दुखत होती. पण पाहुण्याला वाढून त्याच्या तोंडाकडे बघत बसावं, तसे मुनीमजी माझ्याकडे बघत होते. त्यांचाच खडा माझ्या तोंडात होता. मी 'न्हाई' म्हणून मान हलवली.

साहेबांची जीप गेल्यावर मुनीमजींनी मला आणखी एक खडा दिला, आणि मी तो घेतला. पंख्याचं नाव मात्र त्यानंतर माझ्या तोंडून कधी निघालं नाही.