कराटेचा वर्ग आणि बहात्तर कौलं

आमच्या मेहुण्याचा कराटेचा वर्ग बुडाला तो केवळ माझ्या काटकसरीमुळे.

शंकर फौजेतून सुटून रहिमतपूरला आमच्याकडे आला आणि त्यानं एका गोदामात वर्ग काढला. वर्ग चालला तर तो गावात राहणार, नाहीतर पुण्यात वॉचमनकी. "माझा भाऊ पुण्याला गेला, तर तुमीबी तिकडंच जेवायला जावा!" असं सौभाग्यवतींनी बजावल्यामुळे हिशेब मी हाती घेतला.

फी तीन रुपये, पोरं बावीस. (आमचा बंडू तेविसावा, पण घरचा म्हणून माफ.) जमा सहासष्ट. गोदामाचं भाडं पंधरा. इथवर ठीक होतं. पण दर शनिवारी प्रत्येक पोरगं हातानं एक कौल फोडायचं! साठ पैशांप्रमाणे महिन्याची ब्याण्णव कौलं, म्हणजे पंचावन्न रुपये वीस पैसे. एकूण तोटा चार रुपये वीस पैसे, आणि गुरुजी उपाशी.

"शंकर, कौलं बंद कर."

"दाजी, कौल फुटलं न्हाई तर तालमीत आन् आपल्यात फरक काय? तितं फुकट शिकवत्यात!"

मग मी फळ्यावर लिहिलं : 'प्रत्येकाने शनिवारी घरून एक कौल आणावे.' घरोघरी परसात जादा कौलं रचलेली असतात, असा माझा समज. शनिवारी तेवीस पोरं आणि कौलं चोवीस! तीन शनिवार असेच गेले. काही कौलांना खालून काजळी होती. मी वहीत टिपलं, 'काळी, पण चालण्याजोगी.'

चौथ्या सोमवारी शेजारच्या हौसाबाई दारात.

"आवं, तुमच्या शाळंपायी माझ्या चुलीवर ऊन पडाय लागलंय!"

त्यांच्या मागोमाग सगळी गल्ली. "पोरगं कराटे शिकतंय म्हनून पाठवलं, तर हे घर उघडं करतंय व्हय!" मी म्हणालो, "आपापल्या पोरांना आवरा की. आमचा बंडू बघा, कसा..."

"जरा आत येऊन बघा," सौभाग्यवती म्हणाल्या. न्हाणीघरातून आभाळ दिसत होतं. फी माफ आहे म्हणून बंडू इमानदारीनं दर शनिवारी दोन कौलं नेत होता!

बावीसच्या बावीस पोरं त्याच दिवशी बंद झाली. लोकांची सहासष्ट कौलं, एकोणचाळीस रुपये साठ पैसे, माझ्या खिशातून गेले. शंकरनं ट्रंक भरली. पण जायच्या आधी भरपाई म्हणून तो छपरांवर चढला आणि एकही कौल न फोडता सगळी घरं शाकारून उतरला. ते काम बघून वरच्या आळीतल्या दोघांनी त्याला मजुरी ठरवूनच बोलावलं. मग कोरेगावहून निरोप आला. ट्रंक पुन्हा रिकामी झाली.

मी आनंदानं नवी वही आणली. "शंकर, या धंद्याचा हिशेब मी बघतो."

"नगं दाजी," तो वरूनच ओरडला, "तुमी शिडी धरा. आन् लय इचार करू नगा!"

त्याच्या हाताखाली आता सहा माणसं आहेत. शिडी मीच धरतो.