सुंदराची फीट आणि कोंडाबाई

नेवाशाच्या दवाखान्यात मी नर्स होते. चार बायका जमल्या की एकीच्या किश्शावरून दुसरीला आठवतो, पण माझं गाडं कुठूनही सुटलं तरी कोंडाबाईंपाशीच येतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष ते.

*

पहिल्यांदा त्या आल्या सुनेला, सुंदराला, बैलगाडीत घालून. सुंदरा फीट येऊन निपचित पडलेली आणि सासऱ्यांनी तिच्या नाकाला वहाण लावलेली! "आधी ती पायात घाला!" डॉक्टर ओरडले.

कोंडाबाई म्हणाल्या, "फेफरं बरं व्हनार नसंल तर तसं सांगा. हिला माहेरी धाडते, पोराचं दुसरं लगीन लावते." शुद्धीवर आलेली सुंदरा सगळं ऐकत होती. असा संताप आला मला!

*

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फीट कधी येते ते लिहून ठेवायला सांगितलं. घरात लिहिणारं कुणी नाही. दोन महिन्यांनी कोंडाबाई एसटीतून उतरल्या त्या शेणानं सारवलेलं सूप पोटाशी धरून! कंडक्टर ते टपावर टाकत होता म्हणे. "मुडद्यानं माजी सूनच पुसली असती!"

सुपावर रोजचा एक चुन्याचा ठिपका. फीट आली तिथे कोळशाची रेघ, पाळी येऊन सून बाहेर बसली तिथे गेरू. बहुतेक रेघा गेरूला चिकटलेल्या! डॉक्टर खुर्चीवरून उठलेच. "सिस्टर, आमच्या पुस्तकात यावर दोन ओळी आहेत. ह्या बाईनं सूपभर लिहिलंय!" मी तर बघतच राहिले.

*

मग एकदा त्या सुंदराबरोबर आल्या, काखेत कोंबडी. "दोन दिस झाले, निस्ती झोपतीया."

सुंदरानं गोळ्या कोंबड्यांना घातल्या होत्या! शेजारणीनं सांगितलेलं, सरकारी गोळी म्हणजे लाल त्रिकोणाचीच, पोर होत नाही. सुंदरा रडायलाच लागली. "पोर न्हाई झालं तर ह्या मला ठिवतील का?"

डॉक्टरांनी समजावलं, ही गोळी फीटची, पोर बंद करायची नव्हे. आणि सासूला बजावलं, पाळीच्या दिवसांत हिला एकटी सोडायची नाही. पण त्यांच्यात बाहेर बसायचं म्हणजे चार दिवस गोठ्यात, आणि कुणी शिवायचं नाही.

*

पुढच्या महिन्यात देवीची लस टोचायला मी त्यांच्या गावी गेले. कोंडाबाईंचे मालक चुलीपुढे बसलेले, तव्यावर भाकरी करपत होती.

"सिस्टरबाई, जरा बघा की. आमची बी बाहेर बसलीया!"

"अहो, त्यांची पाळी जाऊन दहा वर्षं झाली असतील!"

"तेच म्हन्तो मी!"

मी गोठ्यात गेले. सुंदरा झोपली होती, डोकं सासूच्या मांडीवर. कोंडाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. आत्ताच फीट यिऊन गेली."

"पण तुम्ही इथं कशा?"

"आमच्यात बाहेर बसलेलीला फकस्त बाहेर बसलेलीच शिवती. मंग मी बी बसले. आता दर म्हैन्याला बसनार!"