मणक्यात सिमेंट, खांद्यावर चार बोटं

भूतबित मी मानत नाही. हे लिहून झाल्यावरही मानणार नाही, तेव्हा खाली कोणी मला अंगारे-धुपारे सुचवू नयेत. चौथी शिकलेला माणूस आहे. टाईप नातीने केलंय, पण एक शब्द तिला बदलू दिला नाही.

राहायला लालबाग. आमच्या चाळीमागे पूर्वी तालीम होती, तिथे मी कुस्ती खेळलो. माझी पाठ कोणी मातीला लावली नाही. पाठ लागली की हरला, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण आमचे वस्ताद त्याच्याही पुढचे. पैलवानाने झोपतानासुद्धा पाठ टेकायची नाही, कुशीवर झोपायचं, असा त्यांचा दंडक. तालीम गेली, वस्ताद गेले... मी आजही कुशीवरच झोपतो.

माझ्या जोडीचा एकच होता, भिवा. मालवणकडचा, परळला राहायचा. डाव्या हाताला अंगठा नाही, गिरणीत मशीनने नेला. पण उरलेली चार बोटं खांद्यात अशी रुतवायचा की हाडापर्यंत कळ जायची. आमची कुस्ती दर वेळी बरोबरीत सुटायची. शेवटच्या वेळी तोंडातलं रक्त थुंकून मला म्हणाला, "पाठ लावल्याशिवाय तुका सोडूचंय नाय."

पुढे काविळीने गेला. खांदा मीच दिला. त्यालाही आता कैक वर्षं झाली.

यंदा घरात पाण्याने भरलेलं पिंप सरकवायचं होतं. सून नको नको म्हणत होती, म्हणूनच सरकवलं. पाठीत काडकन वाजलं आणि मी तिथेच बसलो. मणका दबला होता. हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडमनी फोटो दाखवला — वरचे-खालचे मणके सरळ, मधला एक लाथ घातलेल्या पत्र्याच्या डब्यासारखा. म्हणाल्या, फाडायचं नाही. पाठीतून जाड सुई घालून आत फुगा फुगवायचा, मणका उचलायचा आणि पोकळीत सिमेंट भरायचं. म्हटलं भरा, आमची चाळही त्याच्यावरच उभी आहे.

अट एकच. नंतर त्या सांगेपर्यंत उताणं पडून राहायचं.

"मॅडम, मी पाठ टेकत नाही," मी म्हटलं.

मुलाने कपाळावर हात मारून त्यांना माझा कुस्तीचा इतिहास सांगितला. त्या हसल्या नाहीत. "काका, लवकर उठलात, आत रक्त साकळलं आणि नस दाबली गेली तर पाय जातील. मग कुठल्या पायांवर खेळणार?"

मी मान हलवली. हो म्हटलं नव्हतं.

ऑपरेशनला पालथं घातलं. तेवढी जागा बधिर, बाकी मी जागा. सुई हातोडीने ठोकतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. टक्... टक्... माझ्याच हाडावर. दाढा हलत होत्या. पण तोंडातून आवाज काढला नाही.

मग वॉर्डात आणून उताणं टाकलं. भर दुपार. शेजारचा पेशंट मोसंबी सोलत होता, मुलगा औषधं आणायला खाली गेलेला. छताकडे बघत पडलेला मी — हरलेल्यासारखा. सहन होईना. डाव्या कुशीवर वळायचं ठरवलं आणि उजवा खांदा उचलला.

कोणीतरी तो धरून खाली आपटला.

छातीवर गुडघा बसला. श्वास गेला. नाकात वास शिरला तालमीच्या मातीचा — तेल, हळद, ताक मुरलेल्या. समोर दिसत काहीच नव्हतं, वर पंखा फिरत होता. मी ठोसा हाणला... तो हवेत गेला नाही, जबड्यावर बसला. बोटांना दात लागले. परत हाणला. सलाईनची सुई उपटली गेली, रक्त चादरभर, स्टँड आडवा. उठायला गेलो तर गळ्यावर कोपर आलं. डोळ्यांपुढे अंधारी. आणि उजव्या खांद्यात ती कळ, हाडापर्यंत.

ती कळ मी ओळखली. फक्त भिवाला घालायचो ती शिवी घातली. कोपर आणखी दाबलं गेलं.

सिस्टर धावत आल्या. "काका, कोणाला मारताय?" म्हणून माझे हात धरले. गळ्यावरचं कोपर सुटलं, पण छातीवरचं वजन मॅडम येऊन "आता वळलात तरी चालेल" म्हणेपर्यंत हललं नाही. मग पंचाने शिट्टी मारल्यासारखं एकदम उठलं.

मॅडम म्हणाल्या, औषधाची गुंगी. मोसंबीवाला म्हणाला, "अहो, हे एवढे झटत होते, पण पाठ गादीवरून सुतभर सुटली नाही." मग सिस्टरनी रक्त पुसायला माझा शर्ट सरकवला. उजव्या खांद्यावर बोटांचे काळेनिळे वळ, चार. मॅडम म्हणाल्या, पालथं घातलं तेव्हा उशी रुतली असेल. असं म्हणत त्यांनी स्वतःची चार बोटं त्या वळांवर ठेवली. बरोबर बसली. मग आपला अंगठा जिथे टेकला होता तिथली कोरी कातडी बघत राहिल्या.

पाय शाबूत आहेत. रोज बाजारात चालत जातो. मुलगा म्हणतो, तुमच्या दोस्ताने तुम्हाला वाचवलं. मी म्हणतो, वाचवायचं होतं तर गळा कशाला दाबला? वळ गेले. ते काय होतं, मला कळलेलं नाही, ज्यांना विचारलं त्यांनाही नाही.

पण ती कुस्ती मी धरत नाही. पंच नव्हता, आणि माझ्या पाठीत नुकतं सिमेंट भरलेलं होतं.

मी अजून डाव्या कुशीवरच झोपतो. उजवा खांदा वर ठेवून.