उभ्या गाडीतले नऊ तास

लांब पल्ल्याच्या गाडीत चहाची किटली घेऊन फिरणाऱ्या या गृहस्थांना सगळे 'चौकशी' म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांनी नुसता चहा दिलाय असं कधी झालं नाही; कपाबरोबर एक प्रश्नही द्यायचे. उतरायच्या तासभर आधी लोक बूट चढवून का बसतात? वरच्या बर्थवाल्यालाच सारखं खाली का यायचं असतं? बायको म्हणायची, "लग्नाआधी एवढी चौकशी केली असतीत, तर दोघंही सुटलो असतो."

त्या महिन्याच्या पगाराची चिठ्ठी बघून मात्र त्यांना खराखुरा प्रश्न पडला. चारच दिवसांपूर्वी पुलाचं काम निघाल्यामुळे गाडी माळावर सकाळपासून नऊ तास उभी होती, आणि ओव्हरटाइमच्या रकान्यात शून्य होतं.

खानपानाच्या ठेकेदाराच्या कचेरीत हजेरी लिहिणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, गाडी उभी होती ना? मग ती विश्रांती. नियमच आहे तसा."

"असेल. पण ताई, ज्यानं हा नियम केला, तो कधी उभ्या गाडीत बसलाय का?"

"अर्ज करा हवं तर. पण पुरावा नसला, तर खोटा दावा म्हणून गाडीवरून काढतील आणि भांडी घासायच्या शेडमध्ये टाकतील. आधीच सांगून ठेवते."

चौकशी चिठ्ठीची घडी करत बाहेर पडले. शेडमध्ये प्रश्न विचारायचे कुणाला, पातेल्यांना?

घरी ते पोटऱ्या चोळत बसले. बायको म्हणाली, "नऊ तास आराम झाला म्हणे. मग पाय कशानं सुजले?"

"अगं, गाडी थांबली की अर्धा तास लोक खिडकीबाहेर बघतात. पुढचा अर्धा तास चिडतात. आणि मग जी भूक लागते! चालत्या गाडीत चहाला नको म्हणणारा उभ्या गाडीत तीन कप रिचवतो. का, ते मला आजवर कळलेलं नाही."

"ते राहू द्या. एवढा विकलात, तो कुणाला दिसला?"

चौकशींचा हात पोटरीवरच थांबला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी हजेरीच्या बाईंना अक्षरशः ओढतच शेजारच्या खोलीत नेलं. ती विक्रीची खोली. भिंतीवर नवीकोरी फ्रेम, त्यात त्यांच्याच गाडीला मिळालेलं प्रशस्तिपत्र: एका फेरीतली सर्वाधिक विक्री. खाली तारीख त्याच दिवसाची, आणि ठेकेदारसाहेबांची लफ्फेदार सही. विक्रीच्या कारकुनानं कौतुकानं पावत्यांचा गठ्ठाही काढून दिला. प्रत्येक पावतीवर मशीननं छापलेली वेळ होती.

बाई एकेक पावती उलटत गेल्या. सात वाजून दहा. दहा पन्नास. दोन वीस.

"एवढा चहा आम्ही विश्रांती घेता घेता विकला, ताई?"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. इकडे फ्रेम, पलीकडे त्यांचं टेबल, मध्ये एवढीशी भिंत. त्या आपल्या जागेवर गेल्या, शून्य खोडलं आणि नऊ लिहिले.

"आणि गाडीवरच्या आमच्या बाकीच्या पाच जणांचे?"

"लिहितेय हो! जरा दम धरा." सगळं लिहून, शिक्का मारून त्यांनी पेन ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. "काका, खरं सांगा. उभ्या गाडीतच माणसाला एवढी भूक का लागते?"

"सांगत बसलो, तर तुमचा ओव्हरटाइम होईल."

बाईंनी घड्याळ पाहिलं. कचेरी सुटून पाच मिनिटं झाली होती.

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "बसा."