आतली कडी

वसाहतीत त्याला सगळे ‘कडीकाढे’ म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं. पेशाने सुतार. नवी वसाहत उभी राहिली, सगळ्यांना सारखी घरं आणि सारखी राखाडी दारं मिळाली, आणि पाठोपाठ सुरक्षा खात्याचा नियम आला. दारांना आतून कडी नको. अडीअडचणीला पहारेकऱ्यांना आत येता आलं पाहिजे. घरोघरी जाऊन कड्या काढायचं काम याच्याकडे आलं. कुणी कुरकुर केली की हा हसून म्हणायचा, "अहो काका, चोरच उरले नाहीत, मग कडी कुणासाठी लावताय?"

आणि खरोखरच चोरी नावालाही उरली नाही. उलट भलतंच घडू लागलं. शेगडी चालू राहिली तर सकाळी ती बंद केलेली असे. शेजारच्या आजारी म्हातारीच्या उशाशी कुणीतरी औषध आणि भांडंभर पाणी आणून ठेवलेलं असे. पहारेकरी मात्र कुणाच्याच नजरेस पडले नव्हते. लोकांनी आधी तोंडभरून कौतुक केलं, मग तो विषयच काढेनासे झाले, आणि आपल्याच घरात हळू आवाजात बोलायची सवय कधी लागली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

कडीकाढे मात्र खुशीत होता. स्वतःच्या हातच्या कामाबद्दल माणूस सहसा शंका घेत नाही. त्याला शंका आली ती टेकडीवर. तिथल्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत त्याला बोलावणं आलं, ते कड्या बसवायला! दारादाराला आतून दोन-दोन, जाडजूड, चकचकीत पितळी स्क्रूंच्या. न राहवून त्याने विचारलंच, तर बाईसाहेब म्हणाल्या, "आमची गोष्ट वेगळी आहे. रात्री कोण फिरतं ते आम्हाला माहीत आहे ना!"

त्या दिवशी तो घरी आला आणि न जेवताच आडवा झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याची कॉलेजात जाणारी मुलगी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चांगली धीट पोर, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, माझी वेणी तू घातलीस?"

"नाही गं. का?"

"मी केस मोकळे सोडून झोपले होते."

वेणी सुरेख होती. एक बट इकडची तिकडे नाही. आईने ती घाईघाईने सोडली आणि मग कितीतरी वेळ साबणाने हात धूत राहिली.

"बाबा, मला कडी लावून द्या. नाहीतर मी या घरात झोपणार नाही."

"अहो, कळलं तर घर जाईल आपलं," बायको कुजबुजली.

"जाऊ दे गेलं तर," तो म्हणाला. आयुष्यभर नियमाच्या रेषेवर चाललेला माणूस हा; स्वतःच्या बोलण्याने स्वतःच दचकला.

काढलेल्या कड्यांचं पोतं जिन्याखाली पडलेलं होतं. त्यातली मजबूत पाहून एक त्याने दुपारीच मुलीच्या खोलीच्या दाराला आतून ठोकली. कडीला भोकं चार, पण गंजक्या स्क्रूंतून धड निघाले तीनच. तिनांवर भागेल, असं म्हणत त्याने ते जीव खाऊन आवळले. खिडकीला गज होते. त्यातून मांजरसुद्धा शिरलं नसतं. मुलगी रात्री कडी लावून झोपली आणि कितीतरी दिवसांनी त्यालाही गाढ झोप लागली.

सकाळी मुलीनेच कडी काढली. "बाबा, लावली होती तश्शीच होती! मेल्यासारखी झोपले मी," असं म्हणत ती तोंड धुवायला पळाली.

तो कौतुकाने आपलं काम पाहायला दारापाशी गेला. चौथ्या भोकात स्क्रू होता. नवाकोरा, पितळी, टेकडीवर बसवतात तसला. बाकीच्या तिन्हींचा गंज कुणीतरी पुसून काढला होता आणि कडीला तेल दिलं होतं.

त्याने पेचकस लावून पाहिला. स्क्रू केसभरही हलला नाही. काम त्याच्यापेक्षा चांगलं झालं होतं.

"अय्या, चौथा पण लावलात?" मुलगी टॉवेलने तोंड पुसत मागे येऊन उभी राहिली होती. "कधी?"

त्याने हातातल्या पेचकसाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. किती दिवसांनी पोरीच्या चेहऱ्यावर रंग दिसत होता.

"आत्ताच," तो म्हणाला. "आता काही काळजी करू नकोस."